पणजोबांच्या मेडलचा सन्मान: आधी कडेवरचं नाव वाचा

घरातलं जुनं युद्धपदक सापडलं की पहिला हात घासायच्या पावडरीकडे जातो. तिथेच थांबा. पहिल्या महायुद्धातल्या रुपेरी पदकाची खरी किंमत चांदीत नसते, ती कडेवर ठोकलेल्या एका ओळीत असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ही ओळ जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड कडेवर असते आणि तिची खोली नखालाही नीट लागत नाही. दर दिवाळीला चकाकी आणली तर एका पिढीत ती ओळ पुसट होते, दुसऱ्या पिढीत नाहीशी होते.

त्या ओळीला इतकं महत्त्व का? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि थडगं नसलेल्या सैनिकांसाठी बसरा इथे मोठं स्मारक उभारलं गेलं. त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची आणि ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत. हिंदुस्थानी शिपायांची मात्र नुसती संख्या आहे. नावं नोंदवहीत राहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने 2021 च्या अहवालात ही असमानता मान्य केली आणि आयोगाने माफीही मागितली. म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर किंवा निफाड तालुक्यातल्या एखाद्या शिपायाचं नाव धातूत कोरलेलं असेल, तर जगात ती एकच जागा असू शकते, आणि ती तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

कोणतं पदक आहे ते ओळखा

पहिल्या महायुद्धातली तीन पदकं बहुधा एकत्र सापडतात.

पहिलं ब्राँझचं, चार टोकांचा तारा. वर मुकुट, मधे फुलीसारख्या दोन तलवारी. मधल्या पट्टीवर 1914-15 असेल तर 1914-15 स्टार. पट्टीवर ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे महिने असतील तर तो 1914 स्टार. 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांनाच तो मिळाला, त्यामुळे तो दुर्मीळ. ताऱ्यांवर नाव मागच्या सपाट बाजूला असतं.

दुसरं ब्रिटिश वॉर मेडल. 36 मिमी व्यासाचं, चांदीचं, वजन साधारण एक औंस. पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा विवस्त्र स्वार आणि खुरांखाली कवटी. फितीच्या मधे नारिंगी रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या-काळ्या रेघा आणि कडेला निळा. नाव कडेवर.

तिसरं व्हिक्टरी मेडल. पिवळसर ब्राँझ, गोल, वरती साधी कडी. पुढे पंखवाली विजयदेवता, फीत दुहेरी इंद्रधनुष्याची. नाव इथेही कडेवर.

इथे एक चूक इतक्यांदा होते की ती ठळक सांगायला हवी. व्हिक्टरी मेडल म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे. व्हिक्टरी मेडल युद्धात सेवा केलेल्या लाखोंना मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक, आकाराने क्रूस, फीत किरमिजी. मराठा लाइट इन्फन्ट्रीला असे दोनच मिळाले, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात इटलीत: नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, आणि शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945. जाधव आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातले. गावच्या कमानीवर चुकीचं पदक लिहिलं की पणजोबांचा मान वाढत नाही, उलट खरी नोंदही लोक संशयाने बघू लागतात.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून तांबूस ब्राँझचं असेल तर ते नकली समजून टाकू नका. मजूर तुकड्या, भिस्ती, खेचरं हाकणारे आणि सैन्यासोबतचे इतर बिगरलढाऊ कामगार यांना हेच पदक ब्राँझमध्ये दिलं गेलं. बंदूक हातात नसलेल्या माणसांची ही पदकं आज चांदीच्या पदकांपेक्षा कमी दिसतात, कारण घरच्यांनीच ती बिनकामाची ठरवली.

120 मिमीच्या आसपास व्यासाची, तळहाताएवढी ब्राँझची जाड तबकडी मिळाली, तिच्यावर त्रिशूळ धरलेली स्त्री आणि सिंह असेल, तर ती मृत सैनिकाच्या वारसाला दिलेली स्मृतिचकती आहे. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो. घरात ही चकती असेल तर तो माणूस युद्धातून परतला नाही, हे जवळजवळ नक्की समजा.

दुसऱ्या महायुद्धातले तारे सहा टोकांचे, पिवळसर, आणि मोहिमेचं नाव पुढच्या बाजूलाच लिहिलेलं. 1939-45 स्टार जवळपास प्रत्येक संचात असतो. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा. फितीवर 8 आकड्याची छोटी खूण असेल तर ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यातली सेवा. हा तारा उत्तर आफ्रिकेइतकाच एरिट्रियासाठीही आहे, जिथे 1941 मध्ये केरेनच्या डोंगरावर मराठा पलटणी लढल्या. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा, बाजूंना नारिंगी. यासोबत पांढरट धातूचं गोल वॉर मेडल 1939-45 असतं, मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. हिंदुस्थानचा नकाशा असलेलं ते इंडिया सर्व्हिस मेडल. ब्रिटिशांना दुसऱ्या महायुद्धातली पदकं नावाविना मिळाली. हिंदुस्थानी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव ठोकलेलं आढळतं, म्हणून ताऱ्याची पाठ आणि गोल पदकाची कड दोन्ही तपासा.

व्हिक्टरी मेडलच्या किंवा वॉर मेडल 1939-45 च्या फितीवर ओकच्या पानाची ब्राँझची खूण असेल तर खुल्या दिलाने आनंद करा. सेनापतीच्या खलित्यात त्या माणसाचा नावानिशी उल्लेख झाला होता.

कड कशी वाचायची

लागणारं साहित्य: सराफ वापरतात तो दहापट भिंग, छोटी एलईडी बॅटरी, प्लास्टिकचा व्हर्नियर, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा, नायट्राइलचे हातमोजे, धुतलेलं मऊ सुती कापड. सुती हातमोज्यांतून पदक निसटतं, म्हणून नायट्राइल. उघड्या बोटांचा घाम खारट असतो आणि ब्राँझवर त्याचे ठसे काही महिन्यांनी काळे उमटतात.

पदक उभं धरा. बॅटरी वरून रोखू नका. कडेला जवळजवळ समांतर, 15-20 अंशांतून प्रकाश सोडा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि सपाट वाटणारी कड बोलू लागते. मोबाइलचा कॅमेरा स्थिर ठेवून पदक थोडं थोडं फिरवत आठ ते दहा फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली दोन अक्षरं यायला हवीत. पेन्सिल घासून ठसा घेऊ नका, खडूची पूड भरू नका; दोन्हींचे कण खाचेत अडकतात आणि पावसाळ्यात ओल धरतात.

मग जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवा. स्पेलिंग सुधारू नका. त्या वेळच्या कारकुनाने कानाला लागलं तसं नाव लिहिलं: जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, शिंद्याचं सिंदे, आणि कित्येकदा आडनावच नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. हुद्दे संक्षेपात असतात: सेपॉय म्हणजे शिपाई, मग नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. तिन्ही पदकांवर नंबर एकच आहे का ते ताडून बघा. अक्षरांचा ठसा एका पदकावर वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. तिन्ही एकाच वेळी, एकाच ठशाने ठोकलेली असतातच असं नाही. व्यास मात्र मोजा. 36 मिमीचं पदक साडेपस्तीस भरत असेल आणि कड एका ठिकाणी सपाट लागत असेल, तर जुनं नाव घासून नवं ठोकलेलं असण्याची शक्यता मोठी. असं पदक बहुधा बाजारातून घरात आलेलं असतं.

पलटणीचं नाव त्या काळातलं असतं आणि पुढे ते बदललं. 1922 मध्ये 103, 105, 110, 116 आणि 117 या मराठा पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. 114 ही दहावी, प्रशिक्षणाची. 111 महार 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली, त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या महार शिपायाचा शोध आजच्या रेजिमेंटच्या कागदांत घेतला तर हाती काही लागत नाही. 48, 107, 121 असा आकडा आणि पुढे पायोनिअर्स असेल तर ती रस्ते-खंदक खणणारी आणि लढणारीही पलटण. 3 आकडा आणि पुढे सॅपर्स अँड मायनर्स असेल तर लष्करी अभियंत्यांचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे खडकी.

पलटण कळली की युद्धभूमीही बरीचशी कळते. 103, 110 आणि 117 यांपैकी एक आकडा आणि 1914-15 स्टार असेल तर मेसोपोटेमियातल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याचा विचार आधी करा. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या तिन्ही पलटणी तिथे अडकल्या आणि शेवटी शरण गेल्या. कैदेतल्या कूचात आणि छावण्यांत मेलेल्यांची संख्या मोठी आहे. घरात ‘बगदादला गेले ते आलेच नाहीत’ अशी आठवण असेल तर ती इथे जुळते.

नोंद कुठे आणि कशी शोधायची

मृत्यू युद्धकाळात झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. आडनावाने सुरुवात करू नका. हिंदुस्थानी शिपायाचं आडनाव बहुतेक नोंदींत नसतंच. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात तालुका किंवा जिल्हा टाका, आणि नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग जुनं, मधला एच नसलेलं, टाका. गावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा. नोंद मिळाली की तिच्यात बापाचं नाव, गाव, तालुका असतो, आणि तो घरच्या आठवणीशी जुळवता येतो. नंबर जुळला तर माणूस तोच. नुसतं नाव जुळलं तर थांबा: एकाच पलटणीत दोन सखाराम, तीन राम असणं अगदी नेहमीचं होतं.

परत आलेल्यांचा शोध जास्त अवघड. सेवेचा मूळ कागद म्हणजे शीट रोल, आणि सैन्यातून सुटल्यानंतर ठरावीक मुदतीने हे कागद नष्ट करण्याची पद्धत होती. तरीही पत्र लिहावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, सॅपर्ससाठी खडकी. तोफखान्याचं अभिलेख कार्यालय तर आपल्या नाशिक रोड कॅम्पातच आहे. पत्रात भावना कमी, आकडे जास्त लिहा: नंबर, हुद्दा, कडेवरचं नाव अक्षर न अक्षर, पलटणीचं जुनं नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, आणि कडेचे दोन स्पष्ट फोटो. ‘शीट रोल किंवा लाँग रोलमधली (भरती झालेल्यांच्या नोंदवहीतली) नोंद आहे का’ असं नेमकं विचारा. नुसतं ‘आजोबांची माहिती द्यावी’ असं लिहिलं तर कारकुनाला शोध कुठून सुरू करायचा तेच कळत नाही. अर्जाचा नमुना आणि पुढचा रस्ता नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना मदत तिथून मिळत आल्यामुळे जुन्या फायलींत नाव सापडण्याची शक्यताही असते.

महसुली कागद विसरू नका. युद्धसेवेबद्दल काहींना जमीन किंवा रोख जंगी इनाम मिळालं. त्याची सनद देवघरामागे, पोथ्यांत, गाठोड्यात असू शकते. सनद नसेल तर जुने फेरफार बघा. महसूल विभागाच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्यातले जुने दस्त शोधता येतात. गावाच्या चावडीत किंवा वेशीत ‘या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ असा संगमरवरी फलक असेल तर चुन्याच्या थरांखाली तो शोधा. फलकावर नावं नसतात, पण गावातून किती गेले हे कळतं, आणि घरोघर विचारायला आकडा हाती येतो.

जतन: घासणं नाही, थांबवणं

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि इथे नाशिकच्या शेतकऱ्याने नीट ऐकावं. द्राक्षावरच्या भुरीसाठी आणलेलं गंधक, बेदाण्याच्या धुरीचं गंधक, कांदाचाळीतला वास, ही सगळी चांदीची शत्रूच. औषधांच्या खोलीत किंवा चाळीला लागून असलेल्या माजघरात ठेवलेलं पदक एका हंगामात निळं-काळं होतं. पदक त्या बाजूला ठेवूच नका.

झालेला काळेपणा चांदीला इजा करत नाही. तो पातळ थर आहे आणि अक्षरं झाकत नाही, उलट खाचा जास्त उठून दिसतात. तो तसाच राहू द्या. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सराफाचं बुडवायचं द्रावण, यांपैकी काहीही नको. नाशिकच्या तांबट लेनमधला कसबी हातही इथे उपयोगाचा नाही, कारण त्याचं कसब चकाकी आणण्याचं आहे आणि आपल्याला चकाकी नको. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो. स्वाराचा चेहरा आधी सपाट होतो, मग कडेवरचा नंबर. शिवाय पावडरीची पांढरी पूड खाचेत बसून ओल खेचते. धूळ मऊ कुंचल्याने झटका. फीत काढलेली असेल आणि चांदीवर तेलकट थर असेल तरच डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, कापसाने टिपणं, दोनदा स्वच्छ पाणी, लगेच कोरडं करणं. ब्राँझला पाणीही नाही.

ब्राँझवरचा गडद तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर ठीक. फिकट हिरवी, पिठासारखी, बोटाला लागणारी पूड मात्र रोग आहे. मीठ आणि ओल मिळाली की तो वाढतच जातो. असं पदक लगेच वेगळ्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवा आणि धातू-जतनाचं शिक्षण घेतलेल्याला दाखवा. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. जुन्या धातूवरचा पृष्ठभाग जपलेला कसा दिसतो, हे डोळ्यांनी बघायला एक चक्कर तिथे जरूर मारा.

डबा कसा असावा: पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा, तळाला त्रिकोणात 5 आकडा असलेला. 5 लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम सिलिका जेल. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 35 ते 45 टक्क्यांत राहू द्या. इगतपुरी-त्र्यंबककडे जून ते सप्टेंबर दर दोन आठवड्यांनी बघावं लागतं, येवल्याकडे महिन्याने चालतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा वापरता येतं. पदकं एकमेकांवर घासणार नाहीत अशी, प्रत्येकी आम्लरहित कागदात गुंडाळा.

काय टाळायचं तेही सांगतो. मऊ पारदर्शक प्लास्टिकचे पीव्हीसी पाउच काही वर्षांत चिकट होतात आणि ब्राँझ हिरवं करतात. रबरबँड गंधक सोडतं. सागवानी पेटी आणि एमडीएफची चौकट आम्लाची वाफ सोडतात. डांबरगोळ्या फितीवर स्फटिक धरतात. लाल मखमलीचा रंग ओलीत फितीला लागतो.

फीत रेशमी असते, जुना रंग पाण्यात उतरतो, म्हणून ती कधीच धुवायची नाही. चिंधी झाली असेल तर नवी 32 मिमी रुंदीची फीत घ्या, व्हिक्टरी मेडलला 39 मिमीची, आणि जुनी पिशवीत घालून पदकासोबतच ठेवा. तिच्यावर त्या माणसाच्या छातीचा घाम आहे. ती कचरा नाही.

भिंतीवर लावायचं असेल तर

क्रम बघणाऱ्याच्या डावीकडून लागतो. पहिल्या महायुद्धाचा संच: स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. दुसऱ्याचा: 1939-45, आफ्रिका, बर्मा, इटली, मग वॉर मेडल, मग इंडिया सर्व्हिस मेडल. स्वातंत्र्यानंतरही नोकरी केली असेल तर स्वतंत्र भारताची पदकं आधी, संयुक्त राष्ट्रांची आणि इतर देशांची शेवटी. उलटा फोटो बघून क्रम लावणं ही नेहमीची चूक. छातीवर सर्वांत मानाचं पदक छातीच्या मध्याकडे असतं.

चौकटीत काच आणि पदक यांत 20 ते 25 मिमी अंतर हवं. मागे आम्लरहित जाड बोर्ड, त्यावर खळ काढून धुतलेलं मांजरपाट. पदक दोऱ्याने बांधायचं, गोंद किंवा दुहेरी टेप नाही. फितीच्या वरच्या कडेपासून पदकाच्या टोकापर्यंत साधारण 90 मिमी ठेवा, सगळ्यांची खालची रेघ एक येऊ द्या. ऊन येणारी भिंत, पावसाने पाझरणारी पश्चिमेची भिंत आणि समईची काजळी पोचेल अशी देवघराची भिंत सोडा. पदकाच्या पाठीवरचं नाव चौकटीत झाकलं जातं, म्हणून कडेचे आणि पाठीचे फोटो छापून खाली लावा. आणि नावाची ओळ, मराठीत, अभिमानाने, मोठ्या अक्षरांत.

दसरा, झेंडावंदन आणि गावचा मान

खंडेनवमीला-दसऱ्याला शस्त्रपूजेत पदकं ठेवायची रीत चांगली आहे, ती मोडू नका. फक्त हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडू पदकावर वाहू नका. कुंकू फितीत बसलं की निघत नाही, फुलाचा रस ब्राँझवर डाग धरतो. तबकात पांढरं सुती कापड घाला, मधे पदक, बाजूला सुपारी, गंध-फूल सुपारीला. तासाभरात पदक परत डब्यात.

वारसाने कार्यक्रमात पदक लावायचं असेल तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. मिरवणुकीसाठी मूळ पदक वापरूच नका. हुबेहूब प्रतिकृती करून घ्या आणि तिच्या पाठीवर ‘प्रतिकृती’ असं बारीक कोरून घ्या, नाहीतर पन्नास वर्षांनी तुमचीच नातवंडं गोंधळतील.

गावाने सामुदायिक सन्मान करायचा ठरवलं तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि नावांची यादी आधी महिनाभर चावडीवर लावा. हरकती येतातच, आणि त्या येणं चांगलं: राहिलेली नावं कळतात, विशेषतः गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली. मजूर, भिस्ती, खेचरवाले यांची नावं शिपायांबरोबर, त्याच आकाराच्या अक्षरांत. यावर तडजोड करू नये. फलक काळ्या ग्रॅनाइटचा, खाच पाडून कोरलेला, अक्षर 25 मिमी उंच. रंगवलेली अक्षरं चार पावसाळ्यांत जातात. प्रत्येक ओळीत नाव घरात म्हणतात तसं, मग नंबर, तेव्हाची पलटण, देश, वर्ष. हुद्दा पदकावर असेल तोच. ‘शहीद’ हा शब्द मृत्यूची नोंद हातात असेल तरच. परत येऊन नांगर धरलेल्या माणसाला त्या शब्दाची गरज नाही. दिवस म्हणून 7 डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन, नाशिककरांना सोयीचा: कूतचा वेढा पडला तो हाच दिवस. निमंत्रण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला तीन आठवडे आधी द्या.

काही घरांत अजून संकोच असतो: इंग्रजांचं पदक, ते का मिरवायचं? राज्यघटनेचं अठरावं कलम परक्या राष्ट्राकडून किताब घ्यायला मनाई करतं, पण पदक म्हणजे किताब नव्हे, आणि लष्करी मानचिन्हांना तर त्याच कलमात वेगळी जागा आहे. आजही दक्षिण कोरिया 1950-53 च्या युद्धातल्या परदेशी सैनिकांना शांतिदूत पदक देतो. आपल्या 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सने तिथे जखमींची सेवा केली होती. बांगलादेशाने 2017 मध्ये दिल्लीत 1971 च्या युद्धातल्या भारतीय हुतात्म्यांच्या वारसांना सन्मान दिला. तुमच्या घरात कुणी कोरियाला किंवा 1971 ला होतं का, हेही या निमित्ताने विचारा.

वाटणी आणि विक्री

भावांत वाटणी करताना तीन पदकं तिघांना देऊ नका. संच फुटला की नंबरांची साखळी तुटते. एकाकडे मूळ, बाकीच्यांना प्रतिकृती आणि फोटो, आणि कोणाकडे काय हे सह्यांच्या कागदावर. त्याच कागदावर प्रत्येक पदकाचा व्यास, वजन आणि कडेवरची ओळ लिहा. चोरी झाली तर पोलिसांना ‘जुनं मेडल’ सांगून उपयोग नाही. नंबर सांगितला तर सापडतं.

चांदीचा भाव चढला की सराफ बाजारात ही पदकं वितळायला जातात. एका औंसाच्या भावात नाव वितळतं. अगदीच विकायची वेळ आली तर आधी रेजिमेंटच्या केंद्राला किंवा संग्रहालयाला विचारा. परदेशी खरेदीदाराला टपालाने पाठवणं तर नकोच: 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंच्या खासगी निर्यातीला बंदी आहे, आणि 1919-20 सालच्या पदकांची शंभरी भरलेली आहे.